एवढा शेंदूर लावला कुणी, रंगनाथ?

रंगनाथ, तुझ्या मातीला दहा हजार माणूस होतं. पिशोरच्या बाजारापासून तुझ्या मळ्यापर्यंत नुसत्या टोप्या आणि पदर. वरून तीळ टाकला असता तर तो माणसांच्या डोक्यांवरूनच मळ्यापर्यंत गेला असता. असं मी शहागंजात सगळ्यांना सांगतोय आणि लोक माना डोलावतायत. कुणी हरकत घेत नाही. तू असतास तर तंबाखू मळता मळता, मान वर न करता म्हणाला असतास, "अडीचशे असंल. त्यातली निम्मी बाजाराला आलती." आणि माझ्या दहा हजारांतली सगळी हवा तिथल्या तिथं फुस्सकन गेली असती.

आता हवा काढणारं कुणी उरलं नाही, रंगा. मी फुगतच चाललोय. बरं वाटत नाही.

आपण दोघं पिशोरच्या एकाच शाळेतले. तू जमीन धरून बसलास. मी शहरात आलो, शहागंजात बॅगांचं दुकान टाकलं, गारखेड्यात घर बांधलं. जन्मभर लोकांना प्रवासाच्या बॅगा विकल्या आणि स्वतः मात्र कन्नडचा घाट काही ओलांडला नाही. गिऱ्हाइकाला सांगायचो, "ही बॅग मी स्वतः काश्मीरला नेलेली आहे. आठवडाभर बर्फात गाडली गेली होती, पण चेन बघा, लोण्यासारखी." एकदा तू गल्ल्याशेजारी बसून चहा पीत होतास. बशी खाली ठेवलीस आणि गिऱ्हाइकासमोर मला विचारलंस, "कवा गेलता रं?" बॅग विकली गेली नाही. तू उरलेला चहा निवांत प्यायलास.

तू खोटं बोलत नव्हतास, हे काही मोठेपण म्हणून सांगत नाही. तुला ते जमतच नव्हतं, जसं काहींना शीळ घालता येत नाही. बैल विकताना घेणाऱ्याला आपणहून सांगायचास, "ह्यो चढाला कुरकुर करतो बरं का." दलाल डोक्याला हात लावायचे. माझं तुझं जमलं ते यामुळंच असावं. मी वाढवायचं, तू छाटायचं. दोघं मिळून एक धड माणूस व्हायचा.

तरी आयुष्यात एकदा तू खोटं बोललास. आणि इतकं बेमालूम, की या धंद्यातला उस्ताद असून मीही फसलो. ते खोटं आणि त्या लाल दगडांच्या मुलखातला आपला प्रवास, यांची गाठ पडलेली आहे, म्हणून हे लिहायला बसलो. तुझ्या लेकीला विचारून लिहितोय. वर्षा म्हणाली, "लिहा काका. फक्त ते हेलिकॉप्टर काढा." हेलिकॉप्टर मी ठेवलंय.

वहिनी गेल्या तेव्हा वर्षा वाटेत होती. आईचं जास्त झालंय म्हणून तू फोन केलास आणि ती नेसत्या कपड्यांनिशी अमेरिकेतून निघाली. दुबईला विमान बदलताना तिला कळलं की आई गेली. तिथून तिनं तुला फोन केला, तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभा होतो. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. "दादा, मला फक्त एकदा बघू द्या. मी येतेय ना. थांबा." तू म्हणालास, "उन्हाळा हाय, बाई. थांबता येत नाय." आणि फोन बंद केलास. दुपार कलायच्या आत तू माती उरकलीस. ती आली तेव्हा मळ्यात राख होती आणि तू राखेशेजारी पाठमोरा बसला होतास.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तेरावा झाल्यावर परत गेली आणि पुढं कित्येक वर्षं तुमचा फोन म्हणजे "जेवलात का दादा?" "व्हय." "गोळी घेतली?" "व्हय." "ठेवते." मी तुला किती वेळा बोललो, "रंगा, काही तास थांबला असतास तर काय गावावर आभाळ पडलं असतं?" तू बांधावरचं गवत उपटत राहायचास. मला वाटायचं, गावातल्या चार जाणत्यांनी घाई केली आणि हा नमला. तुझ्या नमतेपणाचा मला रागही होता. आज तो राग कुठं ठेवावा, सुचत नाही.

मग तिनंच एकदा तुला तिकडं बोलावलं. तू म्हणालास, "जगन आला तर येतो." लोकांना वाटलं, काय ही दोस्ती! मला नेमकं ठाऊक होतं की मला कशासाठी नेतोयस. तुम्हा बापलेकींना एका गाडीत बसायचं होतं आणि एकमेकांशी बोलायचं नव्हतं. मधली जागा भरायला बडबड्या हवा होता. असला मान मला दुसऱ्या कुणी दिला नसता, म्हणून मी आलो. दुकानातली सगळ्यात चांगली बॅग पहिल्यांदा स्वतःसाठी काढली. तिची चेन पुण्यातच अडकली, ते तू सगळ्यांना सांगितलंसच.

तो रस्ता, रंगा! वर्षा गाडी चालवत होती, तू तिच्या शेजारी, मी मागं धपाट्यांच्या डब्यापाशी. जावयाला सुटी नव्हती, ते बरंच झालं, डबा मला एकट्याला मिळाला. रस्ता इतका सरळ की वर्षानं मध्येच उठून स्वयंपाक केला असता तरी गाडीला पत्ता लागला नसता. दोन्ही बाजूंना लाल माती, लाल कडे, लाल सुळके. एकेक दगड असा, की दौलताबादचा किल्ला त्याच्या खिशात सुट्ट्या नाण्यासारखा पडून राहिला असता आणि दगडाला जाणवलंही नसतं. माणूस नाही, जनावर नाही, झाड म्हणावं तर गुडघ्याएवढं झुडूप. ऊन कललं की अख्खा मुलूख पेटायचा, आणि धूर कुठंच नाही.

तू काच खाली करून बघत होतास. मग विचारलंस, "वर्षे, हितं पेरतेत काय?"

"काही नाही दादा. वाळवंट आहे हे."

"मग एवढी जमीन ठिवली कशाला?"

"बघायला."

"नुस्ती बघायला?" तू वळून माझ्याकडं असं बघितलंस की जणू ती जमीन मी पडीक ठेवली होती. मग समोर एक सुळका आला, एकटाच उभा, खाली जाड, वर गोल, आणि लाल तर असा की हात लावला तर बोटाला लागेल. तू चपापून पाय आत घेतलेस, हात जोडलेस आणि दबक्या आवाजात मला विचारलंस, "जगन, एवढा शेंदूर लावला कुणी रं?"

मला एखादी गोष्ट ठाऊक नाही, असं मी कधी म्हटलं नव्हतं. म्हणालो, "सरकारनं. दर अमावस्येला विमानातून टाकतेत. मागच्या विमानात तेल असतं."

तू गंभीरपणे मान हलवलीस. "लई खर्च येत असंल."

आणि वर्षा हसली. हसता हसता तिला गाडी कडेला घ्यावी लागली. डोळे पुसायची, तुझ्याकडं बघायची, पुन्हा हसायची. वहिनींच्या मागं तिचं ते हसणं कुणी ऐकलं नव्हतं. तू तर नाहीच.

पुढं मग तू एक दगड सोडला नाहीस. "ह्यो आपला म्हसोबा, येशीवरचा." हात जोड. "ह्या साती आसरा, बघ, एका रांगंत." हात जोड. "ह्यो कोन रं जगन, नाक मोडलेला?" मी म्हणायचो, "तो इथला तहसीलदार." वर्षा म्हणायची, "काका, बास, पोट दुखायला लागलं." त्या वेळी मला वाटलं, आमचा रंगनाथ किती भोळा! पंधरवडाभर मी तुझ्या भोळेपणाच्या गोष्टी रचत होतो. आता एकटा बसून तो रस्ता आठवतो तेव्हा ध्यानात येतं. सगळा जन्म मातीत काढलेल्या माणसाला माती आणि शेंदूर यांतला फरक पहिल्याच दगडाला कळला असणार. पुढच्या सगळ्या दगडांना तू हात जोडलेस ते तिनं हसावं म्हणून. आणि मी समजत होतो, मीच लबाड!

पण हसून झालं की पुन्हा तेच. "दादा, पाणी?" "हाय." टायरांचा आवाज. मग मी सुरू व्हायचो. काश्मीरच्या बर्फातली बॅग त्या वाळवंटात मी तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितली, आणि एकदाही तू "कवा गेलता रं?" म्हणाला नाहीस. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

एका दुपारी तुझा गुडघा धरला. वर्षानं आपल्याला एका मोठ्या दगडाच्या सावलीला बसवलं आणि ती पंपावर पेट्रोल भरायला गेली. गाडी दिसेनाशी झाल्यावर तू पिशवीतून नारळ काढलास. तिथल्या देशी दुकानातून मला न सांगता घेतला होतास.

"फोडतोस काय खरंच?"

"सगळ्या रस्त्यानं हात जोडत आलो. एकाला तरी द्यावा लागंल."

फोडलास. आता या जागी मी लोकांना सांगतो की डोक्यावर हेलिकॉप्टर आलं, त्यातून दोरानं चार अंमलदार उतरले, तुला घेरलं आणि भोंग्यातून ओरडले, "नारळ खाली ठेव!" प्रत्यक्षात टोपी घातलेला एक म्हातारा अंमलदार चालत आला. आपल्याच वयाचा, दमलेला. त्यानं करवंट्यांकडं बोट केलं, मग तुझ्या पिशवीकडं. कचरा टाकू नका, एवढंच त्याचं म्हणणं. तू एकेक करवंटी वेचलीस, मातीत पडलेली साल वेचलीस, दगडाला लागलेलं पाणी गमछ्यानं पुसलंस. आणि खोबऱ्याचा तुकडा त्याच्यापुढं धरलास. तो घोटाळला. मग टोपी काढली आणि तुकडा तोंडात टाकला. त्यानं टोपी का काढली, यावर आपलं भांडण झालं. मी म्हणत होतो, प्रसाद म्हणून. तू म्हणत होतास, "डोक्याला घाम आलता."

तो गेला. तू करवंट्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलास आणि दगडाकडं बघत म्हणालास, "वर्षीच्या आईला उन्हाचं कायी नव्हतं, जगन."

मला काही कळेना.

"म्या थांबलो असतो. बरफ आणला असता. तिनंच नको म्हणलं."

मग तू जे सांगितलंस ते मी एकही शब्द न वाढवता लिहितो. शेवटच्या महिन्यात वहिनी नुसती कातडी उरल्या होत्या. केस गेले होते, गाल आत गेले होते. एक दिवस त्यांनी तुला आरसा मागितला. तू आधी आणला नाहीस, मग आणलास. बघितल्यावर आरसा पालथा ठेवून त्या म्हणाल्या, "वर्षीला हे तोंड दावू नका. तिनं मला दिवाळीला बघितलंय. तीच राहू द्या." तुला शपथ घातली. "माझा जीव गेला आणि लेक वाटेत असली तर थांबू नका, ती पोचायच्या आत मला न्या." तू हो म्हणालास. आणि तिचा दुबईहून फोन आला तेव्हा तू सगळं उन्हावर ढकललंस.

मी म्हणालो, "अरे, मग तिला सांग ना! आत्ता येईल ती, आत्ताच सांग."

"नाय."

"का नाय?"

"आईनं मला बघायचं नाकारलं, असं वाटंल तिला."

"असं कसं वाटेल? शिकलेली पोरगी आहे."

"मला वाटलं असतं," तू म्हणालास. "तिचा राग हाय तो माझ्यावर हाय. म्या हाय अजून, वागवीन. आईवर नको. ती बिचारी तो राग सोडवायला बी येणार नाय."

मी रागावलो, रंगा. तुला गाढव म्हणालो, त्याहून वाईटही बोललो. शेवटी म्हणालो, "तू नाही सांगत तर मी सांगतो."

तेव्हा तू हसलास. त्या सबंध प्रवासात तू मोकळा हसलास तो तेवढाच. "सांग की. तू सांगितल्यावर खरं कोन धरणार हाय?"

तेवढ्यात गाडी आली. वर्षा तुझ्या हाताला धरून तुला उठवत होती आणि तू तिला विचारत होतास, "पेट्रोल काय भाव हाय हितं?"

घरी परतल्यावरही आपलं भांडण चालूच राहिलं. दर फोनला मी म्हणायचो, "सांगितलंस का?" तू म्हणायचास, "कापूस बरा हाय औंदा." तुमचे दोघांचे फोन मात्र थोडे लांबले होते. "दादा, तुमच्या म्हसोबापाशी गेले होते परवा." "शेंदूर हाय का?" "आहे." "बरं." एवढं वाढलं होतं. मला वाटायचं, असंच हळूहळू एक दिवस तू सांगशील. तू घाई न करणारा माणूस. पेरलं की उगवेपर्यंत उकरून बघायचं नाही, अशी तुझी रीत. पण वेळ आपल्या हातात आहे, असं आपण दोघं कशाच्या जोरावर धरून चाललो होतो?

तुझ्या पुतण्याचा फोन आला. "जगनकाका, तात्या गेले. माती उद्या सकाळी." मी वर्षाला लावला तर ती विमानतळावर उभी होती. रडत नव्हती. तिनं एकच विचारलं, "काका, या वेळी थांबतील का?"

मी म्हणालो, "थांबतील." कुणाला विचारून म्हणालो, ठाऊक नाही. फोन ठेवला आणि शहरातून मयत ठेवायची थंड पेटी टेम्पोत घातली, तिच्याशेजारी मागं बसून पिशोरला आलो. जन्मभर बॅगा, पेट्या विकल्या, पण तुला ठेवल्यावर त्या पेटीचं झाकण मला लावता येईना, पुतण्याला पुढं यावं लागलं.

सकाळ ढळली, तशी कुजबुज सुरू झाली. आपल्याकडं माती झाल्याशिवाय गल्लीत चूल पेटत नाही, हे तुला काय सांगायचं? आदल्या दिवसापासून अख्खी गल्ली बिनचुलीची होती. पोरांना पलीकडच्या वस्तीवरून भाकरी आल्या, पण म्हातारी माणसं तशीच बसून. पुतण्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, लई झालं. लोकं उपाशी हायेत. अग्नी म्या देतो ना, पुतण्या हाय म्या." वाईट पोरगा नाही तो. त्याचं चुकत नव्हतं. एक जाणता उठून उभा राहिला आणि म्हणाला, "लेकीच्या आईच्या येळंला थांबलो नव्हतो, आता कशाला थांबायचं? चला, उचला."

चार माणसं उठली. मी पेटीपुढं उभा राहिलो. मग जे मला येतं तेच तोंडातून निघालं. "रंगनाथला अमेरिकेत पोलिसांनी धरलं होतं, ते ठाऊक हाय का कुणाला?"

उठलेली माणसं थांबली. "कुणाला? रंगनाथला?"

"बसा. बसल्याशिवाय सांगण्यासारखी गोष्ट नाय ती."

बसले, रंगा. आणि मी तुझ्या मयताशेजारी उभा राहून आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारली. लाल दगड आकाशापर्यंत नेले. सरकारची शेंदराची विमानं उडवली. तहसीलदाराचं नाक मोडण्याचं कारण सांगितलं, त्यातच बराच वेळ गेला. बाया आतून दाराशी आल्या. एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला, मला वाटलं रडतेय, तर ती हसत होती. हेलिकॉप्टर उतरवलं, परत उडवलं, परत उतरवलं. अधूनमधून रस्त्याकडं बघत होतो आणि अधूनमधून तुझ्याकडं. पेटीच्या काचेवर दव धरत होतं, ते मी बोलता बोलता फडक्यानं पुसत होतो. दर वेळी काच स्वच्छ झाली की तुझा चेहरा समोर. मी वाट बघायचो. एकदा तरी म्हण ना रे, अंमलदार एकच होता म्हणून.

शेवटी त्या अंमलदारानं खोबरं खाल्लं, टोपी काढली, आणि गोष्ट संपली. म्हणजे मला सांगता येण्यासारखी गोष्ट संपली. पुढं तो दगड होता, तू होतास आणि पालथा ठेवलेला आरसा होता.

"मग? फुडं काय झालं?" तोच जाणता विचारत होता.

मी पेटीला हात लावून नुसता उभा राहिलो. लोक बघत होते. असा मी कधी कुणापुढं गप्प झालो नव्हतो. मग वेशीकडून गाडीचा आवाज आला.

वर्षा उतरली. ती पेटीशी बसली, काचेवर हात फिरवला. मी पेटी उघडायला सांगितली. तिनं तुझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि खूप वेळ बघितला. हनुवटी, कपाळ, कानामागची ती जुनी खूण. आईचं बघायचं राहिलेलं सगळं ती त्यातच बघून घेत असावी. नंतर मळ्यात पुतण्यानंच पाण्याचं मडकं उचललं आणि तिच्या खांद्यावर दिलं. ज्यांना थांबायचं नव्हतं त्यांनीच तिला वाट करून दिली. गावाला नावं ठेवताना मी यापुढं जरा आखडता हात घेईन.

सावडून झाल्यावर आम्ही दोघं तुझ्या बांधावर बसलो. बाकीचे हातपाय धुवायला विहिरीकडं गेले होते. वर्षा म्हणाली, "काका, तुम्ही दादांना ठेवलंत माझ्यासाठी. मग आईला दादांनी का नाही ठेवलं? खरंच उन्हामुळं?"

रंगा, मी तुला शब्द दिला नव्हता. तू मागितलाही नव्हतास, कारण तुझा विश्वास माझ्या बदनामीवर होता. मला वाटलं, हा राग वागवीन म्हणाला होता तो माणूस आता नाही. मग तो राग ही पोरगी कुणावर टाकणार? स्वतःवरच ना? म्हणून मी सांगितलं. आरसा सांगितला, दिवाळी सांगितली, शपथ सांगितली. हात न हलवता, आवाज न चढवता. मला ते सांगता येईना, इतकं ते साधं होतं. दोनदा तर मीच अडखळलो.

ती ऐकत होती. डोळे राखेवर. मला तुझं हसणं ऐकू येत होतं, खरं कोन धरणार हाय. मग तिनं विचारलं, "काका, शपथ घातली ते कळलं. पण शेवटच्या दिवशी... मी निघालेय हे आईला माहीत होतं ना? तिनं विचारलं का हो, वर्षा कुठवर आली म्हणून?"

माझ्या तोंडात उत्तरं तयार होती. तुला माहीत आहे, बोलावण्याची वाट बघत नाहीत ती. विचारत होत्या ना, सारखं विचारत होत्या. डोळे दाराकडं होते. दुबई कुठं आली, तिथून पिशोर किती लांब, असं विचारलं. विमानाचा आवाज आला की मान उचलायच्या. एकाहून एक चांगली उत्तरं, आणि पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती. यांतलं कुठलंही दिलं असतं तरी तिनं ते जन्मभर उशाशी ठेवलं असतं. आणि त्याच्या वजनानं तू सांगितलेलं खरं बुडालं असतं.

मी म्हणालो, "मला माहीत नाही, बाळा. त्यानं सांगितलं नाही."

वर्षानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. जन्मल्यापासून ती माझ्या गोष्टी ऐकत आलेली. हळूच म्हणाली, "तुम्हाला माहीत नाही, असं तुम्ही कधीच म्हणत नाही काका." आणि मग ती रडली. गुडघ्यांत डोकं घालून, लहान पोरीसारखी, आईसाठी. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो आणि मला एकही गोष्ट सुचली नाही.

तिला परत जाऊन काही दिवस झाले. फोन करते. तोच प्रश्न ती मला पुन्हा विचारत नाही, पण मला तो सुटत नाही. त्या दगडापाशी आपल्याला वेळ होता, करवंट्यांची पिशवी तुझ्या मांडीवर होती, गाडी अजून दिसत नव्हती. मी तुला गाढव म्हणण्यात तो वेळ घालवला आणि एवढं एक विचारायचं राहिलं.

तू शेवटपर्यंत खाटेशी बसून होतास, रंगा. विचारलं होतं का रे वहिनींनी, लेक कुठवर आली म्हणून?